मदत हवी आहे: घरात हाकेला येते, टेकडीवर येत नाही

आमची चिंगी देशी कुत्री, 14 महिन्यांची. घरात "ये" म्हटलं की ताटलीतलं सोडून धावत येते. पण वेताळ टेकडीवर मोर ओरडला की कान ताठ, शेपटी वर, आणि माझी हाक तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. 3 आठवडे 10 मीटरची दोरी लावून सराव करतेय. आली की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. परवा गळपट्टा निसटला आणि ती थेट रस्त्यापर्यंत गेली. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आधी मी "ये" म्हणून लगेच साखळी लावून घरी न्यायचे, त्यामुळे तो शब्दच बिघडला असावा. आता नवा शब्द घेऊ की शिट्टी? शिट्टीवर कुणी शिकवलंय का? आणि दोरी सोडायची वेळ झाली हे कसं ओळखलंत? मारण्याचे, शॉकच्या पट्ट्याचे सल्ले कृपया नकोत.