खान अकॅडमीच्या सलमान खान यांच्याकडून शाळेतील शिक्षकाने नेमके काय घ्यावे?

प्रश्न
मी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. प्रशिक्षणवर्गांत खान अकॅडमी या विनामूल्य ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या संस्थेचे संस्थापक सलमान खान (अर्थातच नट नव्हेत) यांचा उल्लेख वारंवार होतो, परंतु चर्चा ‘मुलांना व्हिडिओ दाखवा’ यापलीकडे जात नाही. जे मी रोज फळ्यावर समजावते, तेच पडद्यावर दुसऱ्या कोणी समजावल्याने काय साधते?

प्रतिसाद १
व्हिडिओंमुळे ते प्रसिद्ध झाले हे खरे, पण सुरुवात त्यांनी व्हिडिओंपासून केलेली नाही. 2004 मध्ये ते बॉस्टनमध्ये गुंतवणूक क्षेत्रात विश्लेषक होते आणि न्यू ऑर्लिन्समधील नादिया या आपल्या नात्यातल्या बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकवू लागले. एककांचे रूपांतर या एकाच घटकात ती अडली होती आणि तेवढ्यावरून तिला गणिताच्या संथ तुकडीत टाकले जाण्याची वेळ आली होती. पुढे इतर भावंडेही शिकू लागल्यावर खान यांनी आधी सरावाची उदाहरणे तयार करणारी संगणकप्रणाली लिहिली. व्हिडिओ आले ते 2006 मध्ये, एका मित्राच्या सूचनेवरून. संस्थेची रीतसर नोंदणी 2008 ची, आणि नोकरी सोडली ती 2009 मध्ये. सुरुवातीच्या प्रणालीत सलग 10 उत्तरे बरोबर आल्याखेरीज पुढचा घटक उघडत नसे, आणि माझ्या मते घेण्यासारखे आहे ते हेच. एक घटक पक्का होईपर्यंत पुढे न जाण्याची कल्पना त्यांची नव्हे. अमेरिकेतील विनेटका येथे कार्लटन वॉशबर्न यांनी ती 1920 च्या दशकात शाळांमध्ये राबवली होती आणि 1968 मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली. मात्र प्रत्येक मुलाला वेगळा सराव देणे, तो तपासणे आणि कोण कुठे अडले याची नोंद ठेवणे एकट्या शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे होते; ते काम आता संगणक करतो.

प्रतिसाद २
समजावण्याच्या दर्जाबद्दलही बोलायला हवे. 2012 मध्ये मिशिगनमधील दोन प्राध्यापकांनी खान यांच्या ऋण संख्यांच्या गुणाकारावरील व्हिडिओची विडंबनातून चिरफाड केली, आणि खान यांनी तो बदलला. नियम सांगणे आणि तो का लागू पडतो हे उलगडणे यांत अंतर आहे. दुसरे काम वर्गातल्या शिक्षकानेच करावे.

प्रश्नकर्ती
पण एकाच वर्गात अपूर्णांक न येणारी आणि समीकरणे सोडवणारी मुले शेजारी बसतात. अभ्यासक्रम तर ठरलेल्या तारखेला संपवावा लागतो.

प्रतिसाद १
म्हणूनच सातवीच्या धड्यापासून सुरुवात करू नका. संगणककक्षाचा तास मिळत असेल, तर प्रत्येकाला दोन इयत्ता मागच्या घटकांवरील सराव द्या. खान अकॅडमीवर मराठीतील साहित्यही विनामूल्य आहे. मुले सोडवत असताना नोंदी पाहा आणि एकाच ठिकाणी अडलेल्या चार-पाच जणांना जवळ घेऊन शिकवा. फळ्यावरचा नेहमीचा पाठ त्यासाठी थांबवण्याची गरज नाही.