प्रतिसाद: दोन्ही तळपायांची आग आणि युरिक ॲसिड ७.४

तुम्ही विचारलंय, दोन्ही तळपायांची आग होते आणि रक्तात युरिक ॲसिड ७.४ आलंय, तर हा गाउट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) आहे का. तेवढ्या आकड्यावरून लगेच गाउट ठरवू नका. गाउट बहुधा एकाच सांध्यात, बरेचदा अंगठ्याच्या मुळाशी, रातोरात उठतो. सांधा लाल, गरम, चादरही सहन होत नाही. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे: दोन्ही तळवे, रात्री आग, मुंग्या, एक्स-रे नॉर्मल. हा रोख नसांकडे जातो.

आधी या रक्ततपासण्या करा: एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर; ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह), व्हिटॅमिन बी१२, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). बी१२चं इंजेक्शन तपासणीआधी घेऊ नका, आकडा फुगतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर २०० ते ३०० (pg/mL) मधला बी१२ही 'नॉर्मल' म्हणून सोडू नये. होमोसिस्टीन किंवा एमएमए (मिथाइलमॅलोनिक ॲसिड) करून घ्या, बी१२ खरंच कमी पडतंय का ते या रक्ततपासण्यांत कळतं. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी नसांना इजा झालेली असू शकते.

डॉक्टरांनी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप जाणवतो का ते पाहायचा चिमटा) पायाला लावून पाहिला का? दोन मिनिटांचं काम. एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ती चाचणी) नॉर्मल आली तरी बारीक नसांचा आजार नाही असं ठरत नाही, ती चाचणी जाड नसाच मोजते.

मधुमेह निघाला आणि एखादं पाऊल सुजून गरम झालं, तर दुखत नसलं तरी त्यावर भार न देता त्याच दिवशी दाखवा.