अनुभव धागा: पाहुण्यांचा मे महिना, पावसाआधीची डागडुजी आणि सकाळचं चालणं

मंडळी, मुलांच्या परीक्षा संपल्यापासून मृग लागेपर्यंत जेमतेम दीड-दोन महिने हाती असतात. मुलांना आजोळी जायचं असतं, नणंदा, आत्या, भाचरं राहायला येतात आणि गच्ची, पन्हळी, रंग, प्लंबिंग ही कामंही याच दिवसांत उरकावी लागतात. या ओढाताणीत सगळ्यात आधी सुटतो तो सकाळचा व्यायाम. तुम्ही हे कसं जमवता? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही पुण्यात, कोथरूडला. सगळ्यात वरचा मजला, त्यामुळे गच्ची गळली की आमचंच छत ओलं होतं. यंदा ब्रिकबॅट कोबा नव्यानं घालून घेतला. जुना कोबा फोडून राबिट म्हणजे मलबा उतरवला, विटांचे तुकडे पाण्याच्या उतारानुसार बसवले, कठड्यालगत गोलाई काढली आणि वर सिमेंटचा थर दिला. एवढं मिस्त्रींचं. पुढचं, पाणी मारायचं काम घरच्यांचं, आणि कोबा टिकणार की नाही हे त्यावरच ठरतं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओल लागते, कडक उन्हात 10 दिवस तरी धरावेत. नाहीतर बारीक भेगा पडतात आणि पहिल्याच पावसात पाणी आत उतरतं. आम्ही कोब्यावर आळी करून पाणी साठवलं होतं, पण दुपारपर्यंत कडा कोरड्या पडायच्या.

तेव्हा भाचे राहायला आले होते. त्यांना सांगितलं, पहाटे साडेपाचला माझ्याबरोबर वेताळ टेकडी आणि परतल्यावर गच्चीवर पाइप. खाणीपर्यंत जायचं, मोर दिसले तर थांबायचं, ऊन चढायच्या आत खाली. घरी आल्यावर एकानं पाणी सोडायचं, दुसऱ्यानं आळी फुटली आहेत का ते बघायचं. माझी टेकडी चुकली नाही आणि पोरांना सुट्टीत करायला खरं काम मिळालं. माझं मत असं, की पाहुण्या मुलांना नुसतं खाऊपिऊ घालण्यापेक्षा कामात घ्यावं. त्यांनाही ते हवं असतं.

नागपूरहून

ताई, तुमचं साडेपाच आमच्याकडे चालत नाही. इथे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. मेअखेरीस साडेपाचला लख्ख उजाडलेलं असतं आणि आठला ऊन चावतं. अंधारात निघायचं, फुटाळा तलावाला चक्कर मारायची आणि साडेसहाच्या आत घरात यायचं. पारा 45 च्या वर गेला की मी तेही बंद करतो आणि घरातच सूर्यनमस्कार घालतो. त्यात कमीपणा नाही. ऊन लागून माणसं दगावतात.

डागडुजीचं म्हणाल तर बाहेरचं प्लास्टर आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच आटोपतो. मेमध्ये ते धरायच्या आधीच सुकतं. एप्रिलमध्ये कूलर काढायचा, टाकी घासायची, पंप तपासायचा, ताट्या बदलायच्या. 25 मेपासून नवतपा, त्या नऊ दिवसांत मजुराला छतावर चढवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. पाहुण्यांना सांगतो, यायचं तर एप्रिलमध्ये या. विदर्भातल्या शाळा बाकीच्या राज्यानंतर उघडतात, म्हणून आम्ही जूनमध्ये तुमच्याकडे येतो.

ठाण्याहून

मला थोडं वेगळं लिहायचं आहे. व्यायाम सुटतो असं आपण म्हणतो, पण तो घरात कोणाचा सुटतो? पाहुणे आले की सासरे नेहमीप्रमाणे फिरायला जातात, नवरा सायकल काढतो, आणि मी पोह्यांसाठी कांदा चिरत असते. बरीच वर्षं माझा मे महिना असाच जायचा आणि जूनमध्ये गुडघे बोलायला लागायचे.

आता येणाऱ्याला फोनवरच सांगते, सहा ते सात मी घरात नसते. चहा सासरे करतात, छान करतात. पहिल्या वर्षी मोठ्या नणंदेला आवडलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याच बूट घालून दारात उभ्या! उपवनच्या तलावाकाठी फिरताना आम्ही जेवढं बोललो, तेवढं लग्नानंतर कधी बोललो नव्हतो. त्यांच्या घरातल्या काही गोष्टी मला तिथेच कळल्या.

दुरुस्तीचं फारसं लिहिण्यासारखं नाही. फ्लॅट आहे, खिडक्यांच्या कडा सिलिकॉननं भरल्या की झालं.

राजापूर तालुक्यातून (एरवी मुंबईत)

आमचं घर वर्षभर बंद असतं. मेमध्ये चुलत-मावस सगळे जमतो आणि घराचं काम तेव्हाच होतं, त्यामुळे भेटीगाठी आणि डागडुजी आमच्याकडे वेगळ्या नाहीत. माजघरावर मंगळुरी कौलं, ती एकमेकांत अडकतात म्हणून फार हलत नाहीत. मागच्या पडवीला अजून नळे, म्हणजे जुनी अर्धगोल कौलं आहेत. ते दरवर्षी उतरवून, झाडून परत शाकारावे लागतात. माकडं उड्या मारून फोडतात ते वेगळंच. गडी मिळत नाहीत. मग एक जण वाशांवर, दोघे शिडीवर, बाकीचे अंगणात, आणि हातोहात नळे खाली. संध्याकाळी खांदे असे भरून येतात की वेगळा व्यायाम लागत नाही. तरी पहाटे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जातोच. बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, तिरप्या उन्हात त्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात. मुलांना ती दाखवायची हीच वेळ. दुपारी कातळ तापला की पाय ठेववत नाही.

तारखांबद्दल कळकळीनं सांगतो. मुंबईत मान्सून साधारण 11 जूनला येतो, म्हणून गावाकडे मेअखेरपर्यंत शाकारणीला वेळ असतो असं सगळे धरून चालायचे. 2025 मध्ये तो 25 मेला तळकोकणात आणि 26 ला मुंबईत होता. त्याच्या आधी वळवानं झोडपलं ते वेगळं. वाडीत किती घरांची छपरं अर्धी उघडी होती! आमच्या पडवीवर ताडपत्री ओढून वर दगड ठेवले, रात्रभर आळीपाळीनं जागलो. आता शाकारणी अक्षय्य तृतीयेच्या आसपासच. ज्यांना सुट्टी मिळते त्यांनी आधी यावं, बाकीच्यांनी नंतर आंबे खायला यावं. सगळे एकदम जमले पाहिजेत हा हट्ट आम्ही सोडला.

न्यू जर्सीहून

इकडे उलटं आहे. आई-बाबा मेमध्ये येतात, आणि हिवाळाभर न करता आलेली बाहेरची कामंही तेव्हाच निघतात. लाकडी डेक धुवायचा, दोन-तीन दिवस कडकडीत वाळू द्यायचा, मग स्टेन. मधे पाऊस आला की थांबायचं. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणून आम्ही जेवून फिरायला जातो. डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठची वाट सपाट आहे, बाबांच्या गुडघ्यांना सोसते. गवतातून चालू नका, घरी आल्यावर पाय नीट तपासा, हे त्यांना रोज सांगते. गोचिडीमुळे इथे लाइमचा आजार होतो.

कोथरूडहून पुन्हा

राजापूरकर, वाशांना वाळवी लागू नये म्हणून काय लावता? सासूबाईंच्या गावच्या घराचं काम पुढच्या वर्षी काढायचं आहे.

राजापूर तालुक्यातून

काजूच्या टरफलांचं तेल. लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, फडक्यानं दोन हात द्यायचे, वाश्यांची भिंतीत जाणारी टोकं विसरायची नाहीत. हातमोजे घालाच, कातडी जळते. आणि पोरांना त्या दिवशी सड्यावर पाठवा.