मदत हवी आहे: पिकअप जागेवरून निघताना मागून 'टक्क', क्रॉस बदलूनही आवाज तसाच

कुडचडे_पिकअप
डिझेल पिकअप आहे. पहिला टाकून क्लच सोडला की खालून टक्क. रिव्हर्सवरून पहिल्यात घेतली की त्याहून मोठा. दोन्ही क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे) नवे बसवले, फरक शून्य. आता गॅरेजवाला म्हणतो क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधले गिअर) गेलाय, त्याचं हौसिंग उघडूया. पहाटे मडगावला मासळी पोचवायची असते, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. नेमकं काय असेल ते लवकर सांगा.

ग्रीसगन
गाडी कुठली, किती चालली? रिकामी असताना येतो की भरल्यावर? एकच टक्क की टक-टक-टक? धावताना मागून घूंऽऽ येतं का? एवढं कळल्याशिवाय सांगणं म्हणजे अंधारात दगड.

सत्तरीकर
हौसिंगचं तेल काढून ८५डब्ल्यू-१४० भरा. जाड तेलाने आवाज दबतो.

ग्रीसगन
दबतो, जात नाही. आणि तेल काढणारच असाल तर चुंबकाच्या बुचाकडे बघा. करडा लगदा असतोच, तो चालतो. दाताचे तुकडे किंवा चकचकीत पापुद्रे निघाले तरच हौसिंग उघडायचा विषय.

कुडचडे_पिकअप
सव्वा टनी, लांब हौदा. १ लाख ४० हजार. एकच टक्क, भरल्यावर जास्त. घूं नाही.

ग्रीसगन
मग "दोन्ही क्रॉस" म्हणजे काय? लांब गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये सेंटर बेअरिंग. त्याला क्रॉस तीन. सेंटर बेअरिंगच्या मागचा राहिलाय का बघा.

तपासणी अशी. सपाट जागा, इंजिन बंद, आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग हँडब्रेक, मग न्यूट्रल. क्रॉसच्या अलीकडचा योक (क्रॉस ज्यात बसतो ती दुफाटी) एका हाताने, पलीकडचा दुसऱ्याने धरून उलटसुलट पिळा. दोन्ही एकदम हलले तर क्रॉस ठीक. एक आधी आणि दुसरा मागाहून हलला तर गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या तोंडाशी लालसर भुकटी दिसली तर पिळायचीही गरज नाही, आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्यात. मासळीच्या क्रेटांचं खारं पाणी फळ्यांच्या फटींतून नेमकं शाफ्टवर ठिबकतं, म्हणून या गाड्यांचे क्रॉस लवकर जातात. ग्रीस मारताना चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. तीनच सीलमधून आलं तर चौथा कप कोरडाच आहे.

गॅरेजवाल्याने शाफ्ट हाताने हलवून "बघा, क्राउन गेला" असं दाखवलं असेल तर त्यावर जाऊ नका. शाफ्ट जोडतात त्या पिनियनच्या फ्लँजला थोडी ढिलाई असतेच, एक्सलच्या दात्यांचा खेळही तिथेच जाणवतो. क्राउनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेज लावून मोजतात, बहुतेक गाड्यांत तो ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास असतो.

घाटरस्ता
क्रॉस बदलताना शाफ्टवर खुणा केल्या होत्या का? दोन तुकडे एकमेकांत चुकीच्या दात्यावर बसले की योक एका रेषेत राहत नाहीत. माझ्या मते तेच आहे.

ग्रीसगन
त्याने ४०-५० च्या वेगाला थरथर येते, क्लच सोडताना टक्क नव्हे. शिवाय आवाज क्रॉस बदलण्याआधीपासूनच आहे ना?

घाटरस्ता
थरथर आहे की नाही हे त्यांनी सांगितलंय कुठे?

कुडचडे_पिकअप
थरथर नाही. मधला क्रॉस पिळून बघितला, किंचित खेळ वाटतो. पण आवाज एवढा मोठा कसा?

बाणस्तारीचा_पाटेवाला
दादा, मासळीची गाडी म्हणजे ओव्हरलोड आलाच. मागे स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवून घ्या, गाडी बसणार नाही.

कुडचडे_पिकअप
पाटे गणेश चवथीच्या आधीच वाढवलेत. त्याचा इथे काय संबंध?

ग्रीसगन
सगळा संबंध तिथेच, बाबा! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. पाटे वाढवले की गठ्ठा जाड होतो, तो एक्सलला बांधणारे यू-बोल्ट लांब लागतात आणि नवे पाटे एकमेकांवर बसले की नट ढिले पडतात. भर घेऊन काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळायचे असतात. नाही आवळले तर क्लच सोडताना एक्सल आधी पाट्यावर सरकतो, मग गाडी ओढतो. तोच टक्क. रिव्हर्सला उलट सरकतो, म्हणून दिशा बदलल्यावर मोठा.

चिखल धुऊन पाटा आणि एक्सलचा पॅड जिथे टेकतात तिथे टॉर्च मारा. घासून चकाकलेली पट्टी किंवा गंजाचा ओघळ दिसेल. मग पाट्याच्या पुढच्या पिनपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. मापात फरक आला तर गठ्ठ्याच्या मधोमधचा सेंटर बोल्ट तुटलाय, एक्सल तिरका झालाय. तशी गाडी भरून चालवू नका.

घाटरस्ता
पाटे वाढवल्याने पिनियनचा कोनही बदलतो, मागचा क्रॉस त्यानेच खातो. खुणांचं मी बोललो ते अगदीच वावगं नव्हतं.

सत्तरीकर
मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, हे काम का नाही करून घेतलं? तेव्हा गाड्या रिकाम्याच असतात.

कुडचडे_पिकअप
आता ऑक्टोबर चालू आहे हो. उपाय सांगा.

उजव्या बाजूला पट्टी चकाकतेय, डावीकडे काही नाही. टेपने दोन्हीकडे सारखंच भरलं. उजवे नट जवळजवळ अख्खा फेरा फिरले. रिकाम्या गाडीचा टक्क गेला, मधला बारीक खटका उरलाय. सेंटर बोल्ट बदलू का?

ग्रीसगन
माप सारखं आहे म्हणजे बहुतेक शाबूत आहे. पण उजवा गठ्ठा उघडून बघाच, बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात घासून बारीक झालं असेल तर बदला. उघडलाच तर यू-बोल्ट आणि नट नवेच घाला. ताणलेला जुना बोल्ट परत पकड धरत नाही. गाडीचा भार चाकांवर ठेवून चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा. शेवटचा जोर मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने, पाइप लावून नाही.

उरलेला खटका मधल्या क्रॉसचा. बदलताना योक हातोड्याने ठोकू देऊ नका, व्हाइसमध्ये दाबून कप काढायला सांगा, आणि शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर रंगाची रेघ मारा. तेवढ्यापुरतं घाटरस्ता यांचं ऐका. हौसिंगला हात लावायची गरज नाही.

बाणस्तारीचा_पाटेवाला
यू-बोल्ट हवे असतील तर जुना बोल्ट सोबत न्या. पाटे वाढवल्यावर मूळ मापाचा आखूड पडतो.