मदत हवी आहे: कोकण आणि घाटात पक्षी बघायला नेमकं कुठे जाऊ?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. हिवाळ्यात पहाटे अंबाझरी, नाहीतर गोरेवाडा तलाव, एवढीच आमची धाव. बदकं, पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) पाहून झाले, पण समुद्राचे पक्षी आम्हा विदर्भवाल्यांना कुठले दिसणार!

जानेवारीत आठ दिवसांची सुट्टी आहे. सोबत बाबा, वय ६८. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे मोठी चढण नको. मनात असं आहे की चार दिवस किनारा, चार दिवस घाट. किनाऱ्यावर कुरव (गल), सुरय (टर्न) आणि जमलं तर समुद्री गरुड बघायचाय. मालवण-देवगड बरं की गुहागर? भरती-ओहोटीचं गणित आम्हाला अजिबात कळत नाही. चिखलातले पक्षी बघायला किनाऱ्यावर नेमकं केव्हा पोचायचं?

घाटात आंबोली डोक्यात आहे, दाजीपूरही कोणीतरी सुचवलं. मलबारी धनेश (हॉर्नबिल) आणि कर्णा (ट्रोगॉन) कुठे दिसायची शक्यता जास्त? तिबोटी खंड्या या चिमुकल्या रंगीत पक्ष्याची फार हौस होती, पण तो पावसाळ्यात विणीला येतो म्हणे, म्हणजे कर्नाळा पक्षी अभयारण्याची वारी जूनवर ढकलावी लागणार.

राहायला घरगुती सोय आणि पक्ष्यांची जाण असलेला स्थानिक वाटाड्या सुचवाल का? दुर्बीण ८ बाय ४२ची आहे, किनाऱ्यावर तेवढी पुरेल ना?