बोदलेअरचं ‘ल गिन्यों’: सुनीत म्हणून कितपत पक्कं?

वृत्तवेडा: ‘गिन्यों’ म्हणजे हात धुऊन पाठी लागलेलं दुर्दैव. फ्रेंच कवी बोदलेअरच्या 1857 च्या ‘ले फ्लर द्यु माल’ या संग्रहातलं हे सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, मला लंगडं वाटतं. त्यात ओझं उचलायला सिसिफसचं (ग्रीक पुराणात सतत धोंडा चढावर ढकलणाऱ्याचं) धैर्य हवं म्हणणारा कवी आहे, झाकल्या ढोलासारखं वाजत कब्रस्तानाकडे निघालेलं काळीज आहे, आणि शेवटी अंधारात पुरलेलं रत्न नि एकांतातलं फूल. यमकं अबबअ कखखक गगच टटच (सारखं अक्षर म्हणजे सारखं यमक). नियमित फ्रेंच सुनीतात पहिल्या आठ ओळींना दोनच यमकं चालतात, इथे चार. त्यात ओळ आठ अक्षरांची. सिसिफसचा धोंडा उचलायचा तर बारा अक्षरी अलेक्झांद्रँ नको?

यतिभंग: चार यमकं मान्य, लंगडेपणा नाही. मूक स्वरावर संपतं ते स्त्री-यमक, बाकीची पुरुष-यमकं. यमक बदललं की ही स्त्री-पुरुष जातही बदलायची, हा तिथला कडक नियम. चौथी-पाचवी, आठवी-नववी, अकरावी-बारावी हे सांधे तपासा, एकही चुकलेला नाही. पहिल्या ओळीअखेरच्या ‘लूर’च्या शेवटी द आणि चौथीतल्या ‘कूर’च्या शेवटी त लिहितात, पण संधीत, म्हणजे पुढच्या स्वराला जोडून म्हणताना, दोन्ही त होतात, म्हणून तेही चालतं.

आणि आठ अक्षरांना ठरलेला यति, म्हणजे ओळीतला विराम, नसतो, फायदा तोच. ‘कला दीर्घ, काळ थोडा’ ही चौथी ओळ मुळात 3+5 तुटते. सातवीत ‘माझं काळीज’ दोन अक्षरांत उरकतं, उरलेली सहा झाकल्या ढोलाला. अलेक्झांद्रँच्या 6+6 तराजूत हा अडखळता ठोका सपाट झाला असता.

वृत्तवेडा: ढोल बोदलेअरचा आहे कुठे? तो आणि चौथी ओळ अमेरिकन कवी लाँगफेलोची, रत्न नि फूल इंग्रज कवी ग्रेच्या विलापिकेतलं (शोककवितेतलं). ग्रेची ओळ दहा अक्षरी. ती आठात कोंबताना रत्नाभोवतीचा समुद्र गेला, खोली मोजायची साधनं तेवढी उरली! शिवाय दहावी ओळ मला सातच भरते.

लघुगुरू: दाँ-ले-ते-ने-ब्र-झे-लु-ब्ली, आठ. ‘तेनेब्र’पुढे (अंधार) स लिहिलेला आहे, त्यामुळे त्याचा मूक स्वर पुढच्या स्वरात विरत नाही. बोलल्यासारखं वाचलं की एक अक्षर गळतं.

मराठीत आणायचं तर अष्टाक्षरीच. शार्दूलविक्रीडित वृत्तातल्या ओळीची 19 अक्षरं भरायला विशेषणांची भरताड होते. फक्त आपण ‘मन’ची दोन अक्षरं मोजतो, त्यांचा ओळीअखेरचा मूक स्वर मोजणीत नसतो. म्हणजे स्त्री-यमकाचा भेद गेलाच.

यतिभंग: अष्टाक्षरीत कान अभंग ऐकेल. आणि ‘सिसिफस’ची चार अक्षरं म्हणजे अर्धी ओळ खलास. पादाकुलक हे मात्रा मोजणारं वृत्त घ्या: ओळीच्या 16 मात्रांत चार लघूंचा (एकेका मात्रेच्या अक्षरांचा) हा शब्द पावच जागा खातो, धोंड्याला बारा मात्रा उरतात.