घर तापवायला लाकडावर चालणारा बॉयलर किती किलोवॉटचा घ्यावा?

या प्रश्नावर "थोडा मोठाच घेतलेला बरा" असं एक-दोघांनी सुचवलंय. कृपया तसं करू नका. घर तापलं की बॉयलर हवा कमी करतो, पण आत भरलेलं लाकूड विझत नाही, नुसतं धुमसत राहतं. न जळलेला धूर धुराड्यात काळा, चिकट थर होऊन बसतो आणि तोच थर पुढे पेटला की धुराड्याला आग लागते.

त्यापेक्षा तेच पैसे गरम पाण्याच्या साठवण टाकीत घाला. किलोवॉटमागे साधारण 50 लिटर धरा, म्हणजे 20 किलोवॉटला 1000 लिटर. बॉयलर एकदा पूर्ण जोरात पेटवायचा आणि टाकीतली उष्णता लागेल तशी वापरायची. बॉयलरकडे परतणारं पाणी 55-60 अंशांच्या खाली जाऊ नये, नाहीतर धुरातल्या वाफेचं बॉयलरच्या आत पाणी होऊन पत्रा गंजतो. त्यासाठीचा मिक्सिंग व्हॉल्व्ह (परतणाऱ्या पाण्यात गरम पाणी मिसळणारी झडप) कोटेशनमध्ये आहे का, ते नक्की बघा.

लाकडाचा विषय मात्र राहूनच गेला! ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. जाळायला 20 टक्क्यांच्या आतलं हवं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलावामापकाच्या सुया टोचा, वरून कोरडा दिसणारा पुष्कळदा आत ओला निघतो. फोडलेलं लाकूड छपराखाली वर्ष-दोन वर्षं रचून ठेवायला जागा नसेल, तर पेलेट बॉयलरचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरचा) विचार करा.

आणि हो, वीज गेली की पाणी फिरवणारा पंप थांबतो, आग थांबत नाही. तेव्हा पाणी उकळू नये म्हणून काय सोय दिली आहे, हे विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारा.